क्रम विसरताना काय हरवतं? ऑपरॅड, सिमेट्रिक ग्रुप आणि होमोटॉपी

आजच्या व्याख्यानाचा विषय नावाला जड आहे: सिमेट्रिक ग्रुपची क्रिया असलेल्या ऑपरॅडांची होमोटॉपी थिअरी. ते नाव थोडा वेळ बाजूला ठेवू. आज आपल्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. अनेक गोष्टी एकत्र करताना त्यांचा क्रम ‘काय फरक पडतो’ म्हणून सोडून दिला, तर खरोखरच काही बिघडत नाही का? उत्तर असं आहे की कधी बिघडत नाही, कधी बिघडतं, आणि नेमकं कधी बिघडतं ते सांगता येतं. त्यासाठी बेरीज, गुणाकार आणि सम-विषम एवढंच पुरे. कागद-पेन्सिल मात्र जवळ असू द्या, मध्ये एक छोटं गणित आपण मिळून करणार आहोत.

पाच नट, एकशे वीस क्रम

आपण पिंपरी-चिंचवडमध्ये बसलो आहोत, श्रोत्यांमध्ये भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणारे बरेच जण आहेत. तेव्हा उदाहरण शॉपफ्लोअरवरचंच घेऊ.

गाडीच्या चाकाला पाच नट आहेत. ते शेजारी-शेजारी ओळीने आवळायचे नसतात, हे टायरच्या दुकानातल्या पोऱ्यालाही माहीत असतं. एक आवळला की एक सोडून पुढचा, पुन्हा एक सोडून पुढचा, असा चांदणीसारखा क्रम घेतात. पाच नट आवळायचे एकूण क्रम किती? ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे १२०. त्यातले चांदणीचे किती? सुरुवात पाचपैकी कुठूनही करा आणि उजवीकडून जा किंवा डावीकडून जा, म्हणजे १०.

आता बघा, पाचही नट आवळून झाल्यावर चाकाकडे नुसतं बघून ते कुठल्या क्रमाने आवळले हे कळत नाही. पाच नट आवळलेलं चाक, बस्स. पण चाक सरळ बसलं की जरा तिरकं, ते मात्र त्या क्रमावर अवलंबून असतं. म्हणजे शेवटची यादी सारखी दिसली तरी यादीत न दिसणारं काहीतरी क्रमामध्ये होतं.

पाच गोष्टींचे क्रम बदलण्याच्या या १२० रीती, आणि एक रीत करून त्यावर दुसरी करण्याची मुभा, या सगळ्याला मिळून पाच गोष्टींचा सिमेट्रिक ग्रुप म्हणतात. दोन गोष्टींचा सिमेट्रिक ग्रुप सगळ्यात सोपा. त्यात दोनच रीती आहेत: जागच्या जागी राहू द्या, किंवा अदलाबदल करा. आजचं बहुतेक काम या दोनांवरच भागणार आहे.

भास्कराचार्यांचा भागाकार

क्रम मोजण्याचं हे शास्त्र आपल्याकडे जुनं आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथला. तो १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ‘लीलावती’त शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे आणि ते सगळं क्रमांविषयीच आहे. विष्णूच्या चार हातांत चार आयुधं किती प्रकारे देता येतील? २४. शंकराच्या दहा हातांत दहा? ३६,२८,८००.

पण आपल्या कामाचं उदाहरण त्याच्या पुढचं आहे. २, २, १, १ या चार अंकांपासून चार आकडी संख्या किती होतील? चार अंकांचे क्रम २४. पण दोन दोनांची आपापसात अदलाबदल केली तर संख्या तीच राहते, दोन एकांची केली तरी तीच. म्हणून २४ ला २ ने भागायचं, पुन्हा २ ने भागायचं. उत्तर ६. लिहून बघा: २२११, २१२१, २११२, १२२१, १२१२, ११२२. यांची बेरीजही भास्कराचार्य विचारतात, ती ९९९९.

इथे क्रम विसरण्याची रीत काय झाली? भागाकार. जेवढ्या अदलाबदली ‘सारख्याच’ मानायच्या, तेवढ्याने भागायचं. मोजदाद करताना हे बिनधोक चालतं. पण ज्या हिशेबात २ ने भागताच येत नाही तिथे काय करायचं? आजची सगळी गोष्ट या एका भागाकाराभोवती फिरते.

ऑपरॅड म्हणजे जोडणीचं वहीखातं

आता ऑपरॅड. एखादी सब-असेंब्ली डोळ्यांपुढे आणा. तीन सुटे भाग आत जातात, एक जोडलेली वस्तू बाहेर येते. आत कितीही गोष्टी जाऊ देत, बाहेर एकच. अशा सगळ्या जोडण्यांची वही म्हणजे ऑपरॅड. पानांना क्रमांक आहेत: दुसऱ्या पानावर दोन भाग घेणाऱ्या जोडण्या, तिसऱ्या पानावर तीन भाग घेणाऱ्या, असं पुढे.

वहीचे नियम तीन. पहिला, एक भाग घेऊन तोच परत देणारी, काहीच न करणारी जोडणी वहीत असली पाहिजे. दुसरा, एका जोडणीतून निघालेली वस्तू दुसऱ्या जोडणीत भाग म्हणून घालता आली पाहिजे. तीन भागांच्या जोडणीत एका भागाच्या जागी दोन भागांची सब-असेंब्ली घातली तर एकूण चार भागांची जोडणी होते, आणि ती चौथ्या पानावर सापडली पाहिजे. तिसरा, कुठला भाग कुठल्या बिनमधून येतो त्याची अदलाबदल करता आली पाहिजे. पाचव्या पानावर पाच गोष्टींचा सिमेट्रिक ग्रुप काम करतो तो असा. आणि दुसऱ्या व तिसऱ्या नियमाचं एकमेकांशी जमलं पाहिजे: आधी बिन बदलून मग जोडलं काय किंवा आधी जोडून मग त्यानुसार बिन बदलले काय, हिशेब एकच यायला हवा.

एक फरक लक्षात ठेवा. खऱ्या कारखान्यात गिअरबॉक्सच्या जागी हेडलाइट बसत नाही. साध्या ऑपरॅडमध्ये मात्र सगळे भाग एकाच जातीचे मानतात. वेगवेगळ्या जातींचे भाग हवे असतील तर त्यासाठी ‘रंगीत ऑपरॅड’ आहेत, पण आज आपण साध्यावरच राहू.

तीन वह्या नेहमी लागतात. पहिली क्रम पाळणाऱ्या गुणाकाराची: दुसऱ्या पानावर २ नोंदी, तिसऱ्यावर ६, चौथ्यावर २४, पाचव्यावर १२०, म्हणजे प्रत्येक क्रमाला वेगळी नोंद. दुसरी क्रम न पाळणाऱ्या गुणाकाराची: प्रत्येक पानावर एकच नोंद, क्रम कितीही बदला, ती जागची हलत नाही. तिसरी ली ब्रॅकेटची: तिच्या पानांची मापं १, १, २, ६, २४ अशी वाढतात. ती आज आपण उघडणार नाही. आपला प्रश्न पहिल्या दोन वह्यांमधला आहे.

‘ऑपरॅड’ हा शब्द शिकागोच्या जे. पीटर मे यांचा. त्यांचं याविषयीचं पुस्तक १९७२ चं. कल्पना त्याआधीपासून घडत होती: जिम स्टाशेफ यांनी १९६३ मध्ये कंसांच्या जागा बदलण्याचा सूक्ष्म हिशेब मांडला होता, आणि बोर्डमन व फोग्ट हेही याच वाटेवर काम करत होते.

चकती आणि तिची कड

आता ते छोटं गणित. एक भरीव चकती घ्या, तिला च म्हणू. तिची गोल कड, तिला क म्हणू. ‘कड काढणे’ ही आपली क्रिया. चकतीची कड क. आणि कडेची कड? वर्तुळाला टोकं नसतात, म्हणून शून्य.

ज्याची कड शून्य, त्याला ‘बंद’ म्हणू. बंद असून जे कुणाचीच कड नाही, तिथे ‘पोकळी’ आहे असं म्हणू. नुसतं वर्तुळ असतं तर पोकळी होती. पण इथे क ही च ची कड आहे, म्हणजे वर्तुळ आतून भरलेलं आहे. तेव्हा आपल्याकडे पोकळी नाही. होमोटॉपीच्या नजरेने हा सगळा ऐवज म्हणजे शून्य: चकती आवळत नेली तर एका बिंदूत मावते.

आता अपेक्षा काय? कच्चा माल शून्याइतका, तर त्याच्या जोडगोळ्याही शून्याइतक्याच असल्या पाहिजेत. कोणत्याही चांगल्या थिअरीकडून एवढी अपेक्षा रास्त आहे. बघू काय होतं. हिशेब सम-विषमचा करू, म्हणजे १ + १ = ०. गुणाकाराची कड काढताना एकदा पहिल्याची कड काढायची, एकदा दुसऱ्याची, आणि दोन्ही मिळवायच्या.

आधी क्रम पाळून. जोड्या चार: च·च, क·च, च·क, क·क. च·च ची कड क·च + च·क. क·च ची कड क·क, च·क चीही क·क. बंद काय काय आहे? क·च + च·क बंद आहे, पण ती च·च ची कड आहे. क·क बंद आहे, पण तीही क·च ची कड आहे. पोकळी कुठेच नाही. अपेक्षेप्रमाणे झालं.

आता क्रम विसरू. क·च आणि च·क एकच मानू. जोड्या उरल्या तीन: च·च, क·च, क·क. च·च ची कड काय? क·च + क·च, म्हणजे २ वेळा क·च. सम-विषमच्या हिशेबात २ म्हणजे ०. म्हणजे च·च बंद झाली! आणि ती कुणाची कड आहे का? क·च ची कड क·क येते, आणि क·क ची कड शून्य. च·च ही कुणाचीच कड नाही. म्हणजे पोकळी तयार झाली. शून्यातून काहीतरी आलं.

हेच गणित अपूर्णांकांत केलं तर? तिथे चिन्हांचे नियम पाळावे लागतात आणि क·क आपोआप शून्य होते. च·च ची कड २ वेळा क·च, आणि हे २ आता शून्य नाही. उलट च·च च्या निम्म्याची कड बरोबर क·च. सगळं भरून निघतं, पोकळी नाही. भास्कराचार्यांचा तोच भागाकार इथे आपल्याला वाचवतो. २ ने भागता आलं की क्रम विसरणं निर्धोक, नाही भागता आलं की घात.

तीन-तीनच्या हिशेबात, म्हणजे ३ = ० असेल तेव्हा, हीच अडचण च·च·च पाशी येते. घरी करून बघा. अपूर्णांकांत मात्र कुठल्याच पानावर ही अडचण नाही, कारण तिथे २, ६, २४, १२० या सगळ्यांनी भागता येतं. सगळ्या क्रमांची सरासरी काढा आणि पुढे जा.

नाशिक फाट्याची युक्ती

मग सम-विषममध्ये काम करणाऱ्याने काय करावं? क्रम पाळणाऱ्या वहीत अडचण नाही, पण त्या वहीत क·च आणि च·क यांचा काही संबंधच उरत नाही. आपल्याला तर ते ‘सारखेच’ हवे आहेत. मधला मार्ग असा: सारखे म्हणायचे, पण एकावरून दुसऱ्यावर कसं जायचं तो रस्ता लिहून ठेवायचा.

दोन ट्रकांची कल्पना करा. रस्ता एकाच ट्रकपुरता अरुंद असेल तर पुढचा पुढे, मागचा मागे. अदलाबदल अशक्य. मोकळं मैदान असेल तर एक जण दुसऱ्याला वळसा घालून पुढे जाऊ शकतो, डावीकडून किंवा उजवीकडून. पण हे दोन वळसे वेगळेच राहतात. जमिनीवर राहून डावा वळसा सरकवत उजवा करता येत नाही, कारण मध्ये ट्रक उभा आहे. आता नाशिक फाट्यासारखा दुमजली पूल आणा. वरून जायची सोय झाली की डावा वळसा उचलून ट्रकवरून नेऊन उजवीकडे ठेवता येतो. म्हणजे दोन वळसे एकमेकांत बदलतात. फक्त आता नवा प्रश्न येतो: वरून न्यायचा की भुयारातून? या दोन रीतींना जोडायला चौथी मिती लागते, मग पाचवी, आणि असंच पुढे.

ओळीवर दोन तुटक जागा, मैदानात वर्तुळ, अवकाशात गोल, मग त्याहून वरचे गोल. या जिन्याच्या प्रत्येक पायरीला ई-वन, ई-टू, ई-थ्री अशी नावं आहेत, आणि जिना कुठेच न थांबवता गेलं तर ई-इन्फिनिटी. तिथे दोन गोष्टी एकदम साधतात. एक, सगळे रस्ते एकमेकांत बदलता येतात, म्हणून होमोटॉपीच्या नजरेने दुसऱ्या पानावर जणू एकच नोंद आहे. दोन, अदलाबदल केली की प्रत्येक बिंदू गोलाच्या समोरच्या टोकाला जातो. जागचा न हललेला एकही नाही.

ही दुसरी गोष्टच खरी किल्ली. सगळे जर जोडीजोडीने हलत असतील तर २ ने भागायची गरजच पडत नाही. प्रत्येक जोडीतून एक प्रतिनिधी निवडला की काम झालं. क्रम विसरणाऱ्या वहीत नोंद जागची हलत नव्हती, म्हणून भागाकार लागत होता आणि तो सम-विषममध्ये होत नव्हता. ई-इन्फिनिटीच्या वहीत च·च ची कड पुन्हा क·च + च·क येते. ते दोन आता वेगळे आहेत, त्यांची बेरीज शून्य होत नाही. च·च बंद राहत नाही, आणि ती आगंतुक पोकळी नाहीशी होते.

प्रमेय काय सांगतं

हे एका उदाहरणापुरतं नाही. डॅनियल क्विलन यांनी १९६७ मध्ये होमोटॉपीचे हिशेब कुठे आणि कसे मांडता येतात याची एक सर्वसाधारण चौकट दिली, तिला मॉडेल कॅटेगरी म्हणतात. व्लादिमिर हिनिच यांनी १९९७ च्या शोधनिबंधात दाखवलं की अपूर्णांकांचे सगळे भागाकार चालत असतील तर कुठलंही ऑपरॅड घ्या, त्यावर चालणाऱ्या बीजगणितांना ही चौकट बसते. भागाकार चालत नसतील तर मात्र ऑपरॅडवर अट येते: त्याच्या पानांवर सिमेट्रिक ग्रुपची क्रिया पुरेशी मोकळी हवी, जागच्या जागी अडकलेली नको. अशा ऑपरॅडला सिग्मा-कोफायब्रंट म्हणतात. बर्गर आणि मूर्डाइक यांनी २००३ मध्ये हे सगळं सर्वसाधारण अटींवर मांडलं. त्याचा एक निष्कर्ष आपल्याला आज पुरे: दोन सिग्मा-कोफायब्रंट ऑपरॅड होमोटॉपीच्या नजरेने सारखी असतील, तर पुरेशा चांगल्या परिस्थितीत त्यांच्यावरच्या बीजगणितांचा होमोटॉपी-हिशेबही सारखाच येतो. म्हणून कुठली वही वापरली याची चिंता नको. क्रम विसरणारी वही काढून तिच्या जागी ई-इन्फिनिटीची कुठलीही वही ठेवा, उदाहरणार्थ बॅरट आणि एकल्स यांची.

ती पोकळी फुकट गेली नाही

शेवटचा मुद्दा. आपल्याला वाटेल की च·च ची ती पोकळी म्हणजे नुसता दोष. तसं नाही. नॉर्मन स्टीनरॉड यांनी १९४७ मध्येच, ऑपरॅड हा शब्द यायच्या कितीतरी आधी, सम-विषमच्या हिशेबात गुणाकाराचा क्रम बदलताना लागणारे हे रस्ते नोंदवून ठेवले होते. एखाद्या गोष्टीचा तिच्याशीच गुणाकार करताना हे रस्ते जे मागे ठेवतात, त्यातून स्टीनरॉड स्क्वेअर तयार होतात. साध्या गुणाकाराने जे आकार वेगळे ओळखता येत नाहीत, त्यातले काही या स्क्वेअरांमुळे वेगळे कळतात. पुढे मायकेल मँडेल यांनी २००६ मध्ये दाखवलं की काही अटी पाळणाऱ्या आकारांसाठी पूर्णांकांवरचा ई-इन्फिनिटी हिशेब पूर्ण जपला, तर दोन आकार होमोटॉपीच्या नजरेने एकच आहेत की नाहीत हे त्यावरून ठरतं. क्रम विसरून टाकला असता तर ही माहिती गेली असती. तो कसा विसरला ते लिहून ठेवलं, म्हणून ती राहिली.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न आला: मग नेहमी ई-इन्फिनिटीच का वापरू नये? वापरता येतं, पण वही जाड होते. दुसऱ्या पानावरच न संपणाऱ्या नोंदी येतात. भागाकार चालत असतील तर एकेका नोंदीची पातळ वही पुरते, आणि तिथे तीच वापरणं शहाणपणाचं.

दुसरा प्रश्न: याचा कारखान्यात उपयोग आहे का? चाकाचे नट आवळायला ऑपरॅड लागत नाही, हे खरं. आपण जोडणीचं उदाहरण घेतलं ते कल्पना समजावी म्हणून. पण ‘भाग तेच, वस्तू तीच, मग क्रमाचं काय’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे, आणि ‘फरक पडत नाही’ म्हणण्याआधी आपल्या हिशेबात भागाकार चालतो का ते तपासावं, ही सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

घरचा अभ्यास: ३ = ० धरून च·च·च चं गणित, क्रम विसरून आणि क्रम पाळून, दोन्ही प्रकारे करा. क्रम विसरताना चिन्हांचा नियम एवढाच की क·क = ०. क्रम पाळताना मात्र क·क राहते, आणि कडेची क्रिया क ला ओलांडून पुढे गेली की उणे चिन्ह लागतं. पुढच्या भागात आपण ली ब्रॅकेटची वही उघडू आणि तिच्या पानांची मापं १, १, २, ६, २४ अशीच का येतात ते पाहू.